चार विसा दहा

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि मग घरात एक वेगळीच बैठक बसते. अकरावीला दुसरी भाषा कोणती घ्यायची? इंग्रजी सक्तीची. तिच्या जोडीला मराठी, हिंदी, संस्कृत, फ्रेंच, जर्मन यांपैकी एक. भाषाच नको असेल तर काही ठिकाणी माहिती तंत्रज्ञानाचा पर्याय. सायन्स की कॉमर्स हे ठरवताना झाला नसेल एवढा खल या एका रकान्यावर होतो. मामेभाऊ फोनवर सांगतो, ‘फ्रेंच घे, स्कोअरिंग आहे.’ शेजारच्या काकूंचा कल संस्कृतकडे. मुलीने मराठीचं नाव काढलंच तर आई म्हणते, ‘अगं, निबंधात मार्क कापतात.’ चर्चा तिथेच संपते आणि फ्रेंचसमोर टिचकी पडते.

पुण्या-मुंबईच्या कनिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंचचे वर्ग भरतात ते बहुतांशी असे. व्हिक्टर ह्यूगोच्या ओढीने कोणी येत नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बारावीची भाषा म्हणजे 80 गुणांची लेखी आणि 20 गुणांची तोंडी परीक्षा. फ्रेंचमध्ये अभ्यास श्रीगणेशापासून सुरू होतो, म्हणून दोन वर्षांनंतरच्या पेपरातही प्राथमिक पातळीचंच विचारावं लागतं. क्रियापदाची रूपं, गाळलेल्या जागा, छोटा उतारा, छोटं पत्र. उत्तर बरोबर तरी असतं नाहीतर चूक तरी. मराठीच्या पेपरात रसग्रहण असतं आणि रसग्रहणाला पैकीच्या पैकी देताना परीक्षकाचा हात अडतो. हिशेब एवढा सरळ आहे. गंमत अशी, की सायन्सच्या ज्या मुलांसाठी हा हिशेब सगळ्यांत जास्त मांडला जातो, त्यांच्या इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटी आणि जेईईवर ठरतो. तिथे फ्रेंचचे नव्वद काय आणि साठ काय, फारसा फरक पडत नाही. तरी टक्केवारी ती टक्केवारी. सोसायटीत सांगायला आकडा लागतो.

नव्वद या आकड्याकडे पुढे यायचंच आहे.

पहिल्या तासाला वर्गात दोन गट दिसतात. एक, शाळेत तीन-चार वर्षं फ्रेंच घेतलेल्यांचा. सीबीएसईची ‘आंत्र झन’सारखी पुस्तकं त्यांनी संपवलेली असतात, ‘बोंझूर’ म्हणताना त्यांचं तोंड आपोआप वळतं. दुसरा, सेमी-इंग्रजीतून किंवा मराठी माध्यमातून आलेल्या, खरोखरच्या नवशिक्यांचा. अभ्यासक्रमावर ‘प्राथमिक’ लिहिलेलं असलं तरी वर्गाची गती पहिला गट ठरवतो. शिकवणाऱ्या बाई अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर असतात. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी स्वतःचा क्लास. दोन्ही गटांना एकत्र बांधून पोर्शन संपवणं ही त्यांची कसरत.

सुरुवात नावाच्या स्पेलिंगने होते, आणि इथेच पहिली फजिती. फ्रेंच मुळाक्षरं दिसायला इंग्रजीचीच, पण त्यांची नावं वेगळी. इंग्रजीत जी ‘जी’ आहे ती इथे ‘झे’, आणि इंग्रजीतला ‘जे’ इथे ‘झी’. म्हणजे नेमकी अदलाबदल. गजानन नावाच्या मुलाच्या वाट्याला ही दोन्ही अक्षरं येतात: झे, आ, झी, आ, एन, आ, एन. अर्ध्या वाटेवर त्याची गाडी घसरते आणि फळ्यावर भलताच कोणी अवतरतो. ज्योतीच्या नावातला वाय ‘ई ग्रेक’ होतो, म्हणजे ग्रीकांकडचा ई. हर्षदेचा ‘ह’ तर उच्चारायचाच नसतो. फ्रेंच माणसाच्या तोंडी ती थेट आर्शादा.

मग येतो फॉर्म. प्राथमिक फ्रेंचच्या कुठल्याही परीक्षेत एक अर्ज भरायचा असतो: ‘नों’ म्हणजे आडनाव, ‘प्रेनों’ म्हणजे नाव. रकाने दोनच. मराठी मुलाचं नाव तीन पायांवर उभं, वडिलांचं नाव कुठे बसवायचं? त्यात महाराष्ट्र सरकारच्या 2024 च्या निर्णयाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नावही आलं. ती पिढी अकरावीत पोहोचेल तेव्हा ‘प्रेनों’चा रकाना बराच रुंद करावा लागेल. फ्रान्सनेही आपल्या अर्जांत डागडुजी केली आहे. अविवाहित स्त्रीसाठीचं ‘मादम्वाझेल’ हे संबोधन 2012 मध्ये पंतप्रधानांच्या परिपत्रकाने सरकारी कागदांवरून काढून टाकलं. कु. आणि सौ. यांच्यावरून आपल्याकडे जो वाद अधूनमधून पेटतो, त्याचीच ही तिकडची आवृत्ती.

फ्रेंच शिकणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली: लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरंच. शब्दाच्या शेवटची व्यंजनं बहुधा मुकी असतात. ‘बोलणे’ या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांच्यासाठीची वर्तमानकाळी रूपं तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहितात आणि चारही वेळा ‘पार्ल’ एवढंच ऐकू येतं. मुलं चिडतात. पण त्यांच्या आजोबांना विचारलं तर ते म्हणतील, आम्ही हेच केलं. ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘मुलें’ असं लिहायचं आणि त्या टिंबांचा उच्चार करायचा नाही, अशी मराठीची रीत होती. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि ते गेल्याबद्दल हळहळणारे पुढे कितीतरी वर्षं होते. फ्रेंचांनी 1990 मध्ये थोडीशी सफाई केली. कांद्याच्या स्पेलिंगमधलं एक फुकटचं अक्षर वगळलं, काही स्वरांवरची टोपी ऐच्छिक केली. लोकांनी पंचवीस वर्षं तिकडे लक्षच दिलं नाही. 2016 मध्ये शालेय पुस्तकं हे बदल पाळणार अशी बातमी आली आणि देशभर गदारोळ उठला. टोपी वाचवा म्हणून मोहीम निघाली.

उच्चारात खरी परीक्षा नाकाची. ‘बों’ म्हणजे चांगला, ‘बँ’ म्हणजे आंघोळ, ‘बाँ’ म्हणजे बाक. तिन्ही शब्दांत ‘न’ किंवा ‘म’ कुठेही ऐकू येता कामा नये, स्वर तेवढा नाकातून जायला हवा. प्रमाण मराठी बोलणारा ‘बोन’ आणि ‘बान’ म्हणून मोकळा होतो. सिंधुदुर्गातून आलेला मुलगा मात्र इथे बाजी मारू शकतो. मालवणीत आणि गोव्याच्या कोकणीत नाकातले स्वर अजून जिवंत आहेत, ते त्याला घरूनच मिळालेले असतात. शहरात आल्यावर ज्या उच्चारावरून त्याला हसतात तोच इथे कामाला येतो. ‘यू’ या स्वराला मात्र प्रांत नाही. ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची ठेवायची असते आणि पहिला महिनाभर सगळा वर्ग शिट्टी वाजवायच्या तयारीत बसल्यासारखा दिसतो.

आता आकडे. साठपर्यंत सगळं सुरळीत चालतं. सत्तरला फ्रेंच म्हणतात ‘स्वासाँत-दिस’, साठ-दहा. ऐंशी म्हणजे ‘कात्र-व्हँ’, चार-वीस. नव्वद म्हणजे ‘कात्र-व्हँ-दिस’, चार-वीस-दहा. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो आणि वर्गात हशा पिकतो. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आजी-पणजीची पिढी अशीच मोजायची. कोंबडीची अंडी, पेंढ्या, आंबे, वयसुद्धा. तीन विसा म्हणजे साठ, पाच विसा म्हणजे शंभर. ‘कात्र-व्हँ-दिस’ म्हणजे शब्दशः चार विसा दहा. पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक जुनं रुग्णालय आहे, तेराव्या शतकात नवव्या लुईने तीनशे अंधांसाठी स्थापलेलं. त्याचं नाव आजही ‘कँझ-व्हँ’, म्हणजे पंधरा विसा.

हीच भाषा बोलणाऱ्या बेल्जियन आणि स्विस लोकांनी सत्तर आणि नव्वदसाठी ‘सेप्ताँत’ आणि ‘नोनाँत’ हे सुटसुटीत शब्द ठेवले. फ्रान्स त्या सोयीकडे ढुंकून बघत नाही. महाराष्ट्राला हे समजायला जड जाऊ नये. 2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं तेव्हा विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत काय रणकंदन झालं ते लोकांच्या आठवणीत आहे. एकोणऐंशी हा शब्द लहान मुलाला अवघड जातो हे खरं, पण तो बदला म्हटलं की मोठ्यांना लागतं.

या आकड्यांचा काच ऐकताना कळतो. फ्रेंच लोक फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात आणि प्राथमिक परीक्षेच्या श्रवण भागात असा नंबर टिपून घ्यायला लागू शकतो. ध्वनिफितीतली बाई ‘स्वासाँत’ म्हणते, मूल कागदावर सहा लिहितं. ती पुढे ‘दिझ-नफ’ म्हणते आणि झालेला असतो एकोणऐंशी. सहा खोडून सात करेपर्यंत पुढची जोडी निघून गेलेली असते. जाणकार बाई पहिल्याच आठवड्यात सांगतात: ‘स्वासाँत’ ऐकलं की पेन उचलून धरायचं, टेकवायचं नाही.

खरा मुद्दा व्याकरणाचा आहे. कॉलेजातलं फ्रेंच बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवतात, म्हणजे फ्रेंचच्या घरात शिरायचं ते इंग्रजीच्या खिडकीतून, आणि खिडकी नेमकी चुकीच्या बाजूला आहे. वस्तूंना लिंग असतं हे इंग्रजीच्या चष्म्यातून मोठं आश्चर्य. त्यावर अर्धा तास जातो. मराठी मुलाला त्यात नवल ते काय? त्याच्याकडे दोन नाही, तीन लिंगं आहेत. खुर्ची ती, फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगी. खिडकी ती, तिथेही तेच. नदी, तीही. सूर्य दोन्हीकडे पुरुष. चंद्र आणि समुद्र मात्र तिकडे बायका आहेत, आणि आपल्याकडची नपुंसकलिंगी पुस्तकं, घरं, झाडं दोन गोटांत वाटून टाकलेली. घोटाळे होतात ते इथे, मूळ कल्पनेपाशी होत नाहीत. नव्या शब्दाला लिंग कोणतं यावर घासाघीस करण्याची सवयही दोघांना सारखीच. 2020 मध्ये सगळा फ्रान्स कोविडला पुल्लिंगी म्हणत होता, तेव्हा फ्रेंच अकादमीने उशिराने सांगितलं की तो शब्द स्त्रीलिंगी आहे. बहुतेकांनी ऐकून सोडून दिलं.

‘माझा, माझी’ म्हणजे ‘मों, मा’. वस्तूच्या लिंगाप्रमाणे रूप बदलतं, एवढं सांगून पुढे जाता येतं. इंग्रजीच्या ‘माय’मधून हे सांगायला फळा भरतो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरकही तसाच. वर्गमित्राला ‘त्यू’, बाईंना ‘व्हू’. अनोळखी माणसाला एकेरीत हाक मारली तर काय होतं ते पुण्यात वाढलेल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. फ्रेंच कॅथलिकांच्या मुख्य प्रार्थनेत तर देवालाही 1966 पासून एकेरीत हाक मारतात. विठ्ठलाशी अरेतुरे करणाऱ्यांच्या भाषेत हे सहज बसतं.

सगळ्यांत मोठी चीज पुढे असते. साधारण पहिल्या टप्प्याच्या शेवटी भूतकाळ येतो, ‘पासे कोंपोझे’. इथे मुलं कोसळतात. जाणे, येणे, निघणे, पोचणे, जन्मणे, मरणे अशा काही क्रियापदांचं भूतकाळी रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. बाकीच्यांचं बदलत नाही, पण कर्म आधी आलं तर कर्माप्रमाणे बदलतं. इंग्रजी पुस्तकात यासाठी लांबलचक नियम, अपवाद, आणि क्रियापदं पाठ करायला आद्याक्षरांची एक घोकंपट्टी असते. आता मराठी पाहा. तो गेला, ती गेली: कर्त्याप्रमाणे. मी आंबा खाल्ला, मी कैरी खाल्ली: कर्माप्रमाणे, खाणारा बाप्या असो की बाई. दुसरी-तिसरीतलं मूलसुद्धा यात चुकत नाही. ‘मी खाल्लेली कैरी’ अशा अर्थाचं वाक्य फ्रेंचमध्ये लिहिताना कृदंताला जो जादा ‘ई’ लागतो, तो मराठीतल्या त्या ‘ली’चाच भाऊबंद. फ्रेंचमध्ये अट एकच, कर्म आधी हवं. मराठीत ते आधीच असतं. दोन्ही नियम तंतोतंत एक नाहीत, पण ज्याच्या कानात ‘खाल्ला-खाल्ली’ आहे त्याला हे का होतं असा प्रश्न पडायचं कारण नाही. तरीही वर्गात हा धडा ‘आय हॅव ईटन’पासून सुरू होतो, जिथे ना आंबा दिसतो ना कैरी.

असं का? याला उत्तर आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही. पुण्या-मुंबईच्या वर्गात शेजारी गुजराती बसतो, पलीकडे तमीळ, मागे हिंदीभाषक. सगळ्यांना समजेल अशी भाषा इंग्रजीच. पण गुजरातीत तीन लिंगं आहेत, हिंदीत फ्रेंचसारखी दोनच, आणि कर्माप्रमाणे बदलणारं भूतकाळी क्रियापद दोन्हींत आहे. वर्गातले बरेच जण ज्या गोष्टी घरी बोलतात त्या त्यांना परक्या भाषेतून नव्याने समजावल्या जातात. आलियाँस फ्रान्सेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेच्या वर्गांत पहिल्या दिवसापासून फ्रेंचमधूनच शिकवण्यावर भर असतो, तो निदान प्रामाणिक मार्ग. कॉलेजात तेवढा वेळ नसतो, म्हणून भाषांतर. आणि भाषांतर म्हटलं की इंग्रजी.

पाठ्यपुस्तकांचाही एक स्वभाव असतो. जुन्या पिढीतल्या आलियाँसवाल्यांना निळं ‘मोझे’ आठवतं. गास्तों मोझे यांचं 1953 पासूनचं ते पुस्तक जगभर चाललं. त्यातलं व्हँसाँ कुटुंब कॅनडातून बोटीने फ्रान्सला निघायचं आणि त्यांच्याबरोबर शिकणाऱ्यांच्या पिढ्या प्रवास करायच्या. आताच्या ‘आल्तेर एगो’सारख्या पुस्तकांत ई-मेल असतात, फ्लॅट शोधणारी तरुण मंडळी असतात. पण ‘ही खिडकी आहे’, ‘माझे वडील डॉक्टर आहेत’ या वाक्यांना पर्याय कोणालाच सापडलेला नाही. जन्माने रुमानियन असलेले फ्रेंच लेखक युजेन योनेस्को 1948 च्या सुमारास असिमिल कंपनीच्या पुस्तकातून इंग्रजी शिकायला बसले. आठवड्याचे दिवस सात असतात, जमीन खाली आणि छत वर असतं, अशी निर्विवाद सत्यं ते पुस्तक त्यांना गंभीरपणे सांगू लागलं. इंग्रजी राहिलं बाजूला. त्यातून ‘ला कांतात्रिस शोव्ह’ हे नाटक निघालं, 1950 मध्ये रंगमंचावर आलं, आणि 1957 पासून पॅरिसच्या ह्यूशेत नाट्यगृहात त्याचे प्रयोग चालू आहेत. प्राथमिक भाषावर्गाने जगाला दिलेली ही बहुधा सगळ्यांत टिकाऊ गोष्ट. तोंडी परीक्षेत एकमेकांना वय आणि भावंडं विचारणारी अकरावीतली पोरं पाहिली, की योनेस्कोंनी अतिशयोक्ती फारशी केली नाही हे पटतं.

मराठी आणि फ्रेंच यांच्यात मधल्या माणसाशिवाय बोलणं होऊ शकतं, याचे दाखले पुण्या-मुंबईतच आहेत. मराठी भाषा कशी घडली याचा पहिला शास्त्रशुद्ध ग्रंथ झ्यूल ब्लॉक या पॅरिसच्या विद्वानाने लिहिला, फ्रेंचमध्ये. तो मराठीत आणला वासुदेव गोपाळ परांजपे यांनी, 1941 मध्ये, ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने. इंग्रजी भाषांतर यायला 1970 उजाडलं. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं हा ग्रंथ मराठी वाचकाच्या हातात होता आणि इंग्रजी वाचकाच्या नव्हता. फ्रेंच येण्याचा उपयोग काय, या प्रश्नाला याहून चोख उत्तर मिळणं कठीण.

इतिहासातही तेच. 1777 मध्ये सँ-ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणवीसांना भेटला आणि इंग्रजांची झोप उडाली. अशा प्रसंगांची दुसरी बाजू फ्रेंच दफ्तरांत पडून असते. वि. गो. हाताळकरांनी ती वाचून फ्रेंच-मराठे संबंधांवर ग्रंथ लिहिला, तो 1958 मध्ये मुंबई विद्यापीठाने काढला. पुढे त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची फ्रेंच कागदपत्रंही भाषांतरित केली.

उलट दिशेनेही माणसं आली. फादर गी डेल्यूरी या येशूसंघी धर्मगुरूने तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, गालिमार या नामांकित प्रकाशनाने 1956 मध्ये ते छापले. विठोबाच्या संप्रदायावरचा त्यांचा अभ्यास 1960 मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. मावळातल्या बायकांची मराठी समजायला पॅरिसच्या वर्गाचा किंवा इंग्रजी पुस्तकाचा उपयोग नसतो. ती तिथे बसूनच शिकावी लागते.

इंग्रजीच्या वाटेने काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून घेतलं आणि मर्फीने ते मोलियेरच्या ‘स्गानारेल’वरून. नाटक झकास झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोलियेर आपल्याकडे पोचला तो दुसऱ्याच्या पत्त्यावरून फिरून आलेल्या पाकिटासारखा.

मराठी आणि फ्रेंच एकाच घरात नांदतात असाही एक देश आहे. मॉरिशस 1715 ते 1810 फ्रेंचांकडे होतं. इंग्रजांनी ते जिंकलं, पण लोकांची भाषा आणि कायदे तसेच ठेवले. 1834 नंतर उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून गिरमिटिये गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसं होती. आज त्यांचे वंशज घरात फ्रेंचवर पोसलेली क्रिओल बोलतात, वर्तमानपत्रं फ्रेंच वाचतात, सरकारी अर्ज इंग्रजीत भरतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मराठी प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते, म्हणजे अकरावीतल्या पुणेरी मुलाला जे फ्रेंच, ते तिथल्या पवार-जाधवांच्या नातवंडांना मराठी. तिथल्या मुलाला ‘ल्यून’ म्हणजे चंद्र स्त्रीलिंगी ठाऊक असतो आणि मराठीत तो पुरुष कसा झाला हे पचवायला वेळ लागतो. दोन वर्गांची गाठ घालून दिली तर धमाल येईल. व्हिडिओ कॉलच्या जमान्यात ते अशक्यही नाही.

पुण्यातल्या मुलाची गाठ मात्र पडते ती प्रमाणपत्राशी. युरोप परिषदेने 2001 मध्ये भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या आखून दिल्या: ए1 ते सी2. फ्रेंच शिक्षण मंत्रालयाची ‘देल्फ’ परीक्षा त्याच पायऱ्यांवर होते. ए1 ला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 25 गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण 50 आणि प्रत्येक भागात किमान 5. प्रमाणपत्र तहहयात चालतं.

तोंडी परीक्षा पाच ते सात मिनिटांची. आधी स्वतःबद्दल बोलायचं. मग टेबलावर चिठ्ठ्या ठेवतात, प्रत्येकीवर एक शब्द: ‘सुट्टी’, ‘भाऊ’, ‘सिनेमा’. त्या शब्दावरून परीक्षकालाच प्रश्न विचारायचा. इथे बोर्डातले नव्वदवाले गांगरतात, कारण बारा वर्षं त्यांनी उत्तरं दिली, प्रश्न कधी विचारलाच नाही. शेवटी खोटा बाजार. परीक्षक दुकानदार, उमेदवार गिऱ्हाईक, चित्रातले पाव आणि फुलं, कागदी नोटा. भाव विचारायचा, नग सांगायचे, पैसे मोजून द्यायचे. मंडईत घासाघीस केलेली मुलं इथे खुलतात, व्याकरण चुकलं तरी.

ए1 च्या पुढे चढण लांब आहे. आलियाँसच्या ठोकताळ्याप्रमाणे ए1 ला शंभरेक तास पुरतात, बी2 पर्यंत एकूण साडेपाचशे ते सहाशे लागतात. आणि पैसा बी2 पाशी आहे. कॅनडाने 2023 पासून फ्रेंच येणाऱ्या स्थलांतरितांसाठी वेगळ्या सोडती सुरू केल्या. त्यांना ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही कौशल्यांत साधारण बी2 च्या तोडीची पातळी लागते. फ्रान्सने 2030 पर्यंत 30,000 भारतीय विद्यार्थी नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं. 2024 च्या प्रजासत्ताक दिनाला पाहुणे म्हणून आलेल्या फ्रेंच राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी ते पुन्हा बोलून दाखवलं, आणि फ्रेंच न येणाऱ्यांना आधी भाषा शिकवून मग विद्यापीठात घेणारे खास वर्गही जाहीर झाले. नागपूरच्या मिहानमध्ये दसॉ या फ्रेंच कंपनीच्या विमानांचे भाग बनतात आणि फाल्कन 2000 हे विमान तिथेच पूर्ण बांधायचं 2025 मध्ये ठरलं. कारखान्यात काम इंग्रजीवर भागतं, हेही सांगितलं पाहिजे. फ्रेंच लागतं ते भाषांतराला, ग्राहकसेवेला, कराराच्या कागदांना, आणि तिथे कामचलाऊ फ्रेंच चालत नाही.

म्हणून चर्चगेटजवळ थिऑसॉफी हॉलमधल्या आलियाँसच्या वर्गात, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या सर्टिफिकेट कोर्सला आणि शनिवार-रविवारच्या खासगी बॅचना पंचविशी-तिशीतली गर्दी दिसते. आयटीवाले, नर्सिंग केलेल्या मुली, कॅनडाची फाइल लावलेली जोडपी. त्यांच्यात अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेले असतात. गुणपत्रिकेवर नव्वदच्या पुढचा आकडा असतो आणि पातळी ठरवण्याची चाचणी दिल्यावर पुन्हा ए1 मध्ये बसायची पाळी त्यांतल्या अनेकांवर येते. बाई विचारतात, आधी फ्रेंच केलंय का? कोणी हात वर करतं, कोणी अर्धाच. मग बाई फळ्यावर ‘जाणे’चं भूतकाळी रूप लिहितात आणि समजावायला लागतात. सुदैवाने काही बाई आता ‘तो गेला, ती गेली’पासून सुरुवात करतात.